ई-टाइप परवडत नाही, मग काय घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण तोच चुकीचा समजला असेन तर पुढचं सगळं वाया जाईल. तुम्ही लंडनमध्ये, हॅरोला राहता. शाळेत असताना कुठल्यातरी कॅलेंडरवर जग्वार ई-टाइप पाहिली आणि ती डोक्यात बसली ती बसलीच. आता २५,००० पौंड बाजूला पडलेत, पण तेवढ्यात ई-टाइप येत नाही. म्हणून ट्रायम्फ जीटी६, एमजीबी जीटी आणि डॅटसन २४०झेड या तिघींपैकी कोणती घ्यावी, असं विचारताय. दर उन्हाळ्यात बायको आणि ७ वर्षांच्या मुलीला घेऊन स्कॉटलंडला जायचं आहे. तुमची उंची ६ फूट १ इंच. गॅरेज नाही, गाडी घरासमोर रस्त्यावर उभी राहणार.

यातली शेवटची तीन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण उत्तर त्यांच्यातच आहे. तुमच्या यादीतल्या तीनपैकी दोन गाड्यांत मुलीला बसवण्याजोगी मागची सीटच नाही.

माझ्याविषयी एवढंच, की मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये ब्लॉक बोअर करत हात काळे केले, आणि गेली २३ वर्षं कॉव्हेंट्रीच्या बाजूला जुन्या ब्रिटिश गाड्या उघडतो आणि मिटवतो. ई-टाइप माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्या. स्वतःची एकही नाही.

आधी ई-टाइपबद्दलच बोलू, कारण पर्याय शोधायचा तर मूळ वस्तूत नेमकं काय आवडलं ते ठरवावं लागतं. मार्च १९६१ मध्ये ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. लोकांची एवढी झुंबड उडाली की फेरी मारून दाखवायला एक गाडी पुरेना, तेव्हा कंपनीचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस यांनी दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत जिनिव्हाला नेली. मला गाडीच्या आकड्यांपेक्षा हा किस्सा जास्त आवडतो. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २६५ अश्वशक्ती, ताशी १५० मैल हे कंपनीचे दावे होते, आणि वर्तमानपत्रांना दिलेल्या गाड्या जरा हात फिरवूनच दिल्या असणार असं आमच्या धंद्यात सगळेच मानतात. पण अर्धा युरोप एका रात्रीत पार करून सकाळी पुन्हा लोकांना फिरवायला तयार, याला ग्रँड टूरिंग म्हणतात. वेग हवाच, पण उतरल्यावर कंबर शाबूत हवी.

गंमत अशी की तुमच्या उंचीच्या माणसाची कंबर पहिल्या ई-टाइपमध्ये शाबूत राहत नाही. मागच्या जुलैत एक ३.८ कूपे दुरुस्तीनंतर फॉस वेवर चाचणीला नेली होती. रोमनांनी आखलेला तो रस्ता वॉरिकशरमधून सुतासारखा सरळ जातो, त्यामुळे आम्ही बहुतेक गाड्या तिथेच नेतो. माझी उंची ५ फूट ८ इंच, तरी डावा गुडघा क्लच दाबताना स्टिअरिंगच्या कडेला घासत होता. पायाशी भट्टी पेटलेली. बोनेटच्या झरोक्यांतून गरम हवा वर येते आणि समोरचा रस्ता पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद जुळवून घेणारी सोय) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की गिअरबॉक्स शिवी देतो. ब्रेक दाबल्यावर एक क्षण काहीच होत नाही. हे सगळं असूनही मी परत आलो तो दात काढतच. तीस मैलांसाठी. स्कॉटलंड चारशे मैलांवर आहे.

१९६४ मध्ये आलेली ४.२ बरीच सुधारलेली आहे: सीट, ब्रेक, गिअरबॉक्स तिन्ही. १९६६ मध्ये टू प्लस टू, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन छोट्या सीटची, आली, चाकांमधलं अंतर ९ इंचांनी वाढवून, छत जरा उचलून. तिच्यात मूल मागे बसतं. शौकिनांना तिचं छत आवडत नाही म्हणून सगळ्या ई-टाइपमध्ये तीच स्वस्त. मग तीच का घेऊ नये? कारण २५,००० पौंडांत जी मिळेल ती चालती गाडी नसते, खोक्यांत भरलेले सुटे भाग असतात आणि त्यातला एखादा हरवलेला असतो. चांगली सिरीज १, म्हणजे पहिल्या पिढीची ई-टाइप, हवी तर लाखाच्या आसपासची भाषा करावी लागते. ई-टाइपचं बोनेट म्हणजे गाडीचा जवळजवळ अर्धा भाग, आणि ते अनेक तुकडे जोडून केलेलं असतं. त्याच्या कडा एकदा बिघडल्या की दारांशी जुळवता जुळवता आठवडे जातात. आमच्याकडे तासाला साठ-सत्तर पौंड लागतात. हिशेब तुम्हीच करा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाकच जड आहे.

आता तुमच्या यादीकडे. जीटी६ ला इथले लोक कौतुकाने 'गरिबाची ई-टाइप' म्हणतात. १९६६ ते १९७३ या काळात बनली, इटालियन डिझाइनर मिशेलॉत्तीची रेखाटणी, २ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि ई-टाइपसारखं अख्खं बोनेट पुढे उलटतं. पहिल्या मॉडेलची मागची चाकं वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर आत दुमडायची. १९६८ च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये खालून विशबोन (चाकाला धरून ठेवणारा त्रिकोणी दांडा) आणि रबरी कपलिंग देऊन ते निस्तरलं. पाहिल्यावर मन हरखतं, मी नाही म्हणत नाही. पण ती ट्रायम्फच्याच स्पिटफायर या छोट्या दोन सीटच्या गाडीच्या मापाची आहे. तुम्ही आत बसाल, तुमची पत्नी बसेल, आणि मुलगी हॅरोलाच राहील.

२४०झेड ही त्या तिघींत ई-टाइपची वृत्ती सगळ्यात नेमकी पकडणारी गाडी. १९६९ मध्ये आली आणि अमेरिकेत ३,५२६ डॉलरला विकली गेली, तिथेच ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे दिवस भरले. २.४ लिटर, सहा सिलिंडर, सकाळी किल्ली फिरवली की सुरू. फक्त जपान्यांनी त्या काळी पत्रा इतका पातळ वापरला की इंग्लंडच्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फारच थोड्या वाचल्या. त्यामुळे चांगलीचा भाव आज तुमच्या आवाक्याबाहेर, आणि आवाक्यातली आहे तिला हात लावू नका. शिवाय दोनच सीट.

राहिली एमजीबी जीटी. छताच्या आकाराला पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीचा हात लागलेला आहे, मागे छोटं बाक आहे, वर दार उघडलं की सामान राहतं. हजारो बनल्या, त्यामुळे नटबोल्टपासून अख्ख्या बॉडीपर्यंत काहीही नवीन मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून एमजीबीची संपूर्ण बॉडी नव्याने दाबून देते. पहिली जुनी गाडी घेणाऱ्याला मी डोळे मिटून हीच सांगतो. ओव्हरड्राइव्ह (मोटरवेवर इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) चालू असलेली घ्या, नाहीतर मोटरवेवर इंजिनाचा आवाज तुमच्या गप्पांत सारखा मध्ये बोलेल. पण तिचं १.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन मुळात कामकरी आहे. ई-टाइपचं स्वप्न पाहणाऱ्या माणसाला तिसऱ्या महिन्यात वाटायला लागतं, की आपण लग्न नीट केलं पण प्रेम वेगळीकडेच राहिलं. रोव्हरचं ३.५ लिटर व्ही८ घातलेली जीटी १९७३ ते १९७६ मध्ये निघाली, एकूण २,५९१ फक्त. ती मिळाली आणि पत्रा खरा निघाला तर मी माझं हे वाक्य मागे घेईन.

तर माझा सल्ला. जग्वारच हवी असेल तर जग्वारच घ्या, पण एक पिढी पुढची: एक्सजे-एस.

आता तुम्ही नाक मुरडाल. १९७५ मध्ये ती आली तेव्हा सगळ्यांनीच मुरडलं होतं. ई-टाइपची जागा घ्यायला आली आणि दिसायला तिच्यासारखी नाही, मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना ते उतरते पंख कशासाठी, वगैरे. पण ई-टाइपचा आकार ज्यांनी गणिताने काढला त्या माल्कम सेयर यांनीच हिच्याही आकाराची सुरुवात केली होती. १९७० मध्ये ते गेले आणि काम दुसऱ्यांनी पुरं केलं. खालून पाहिलंत तर नातं लगेच कळतं. शेवटच्या ई-टाइपचं ५.३ लिटरचं व्ही१२ इंजिन, आणि मागची सगळी रचना एका पिंजऱ्यात: डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा), त्याला चिकटून आतल्या बाजूला ब्रेकच्या डिस्क, दोन्हीकडे विशबोन. डिफरन्शियलचं ऑइल सील गेलं की तेल थेट डिस्कवर, आणि डिस्क बदलायची तर अख्खा पिंजरा खाली उतरवा. आईचे दुखणारे गुडघेसुद्धा मुलीने घेतलेत.

पण मी तुम्हाला व्ही१२ सांगत नाहीये. इंजिन म्हणून ते वाईट नाही, उलट झिजता झिजत नाही. त्याला मारते ती उष्णता. प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर सिलिंडरांच्या दोन्ही रांगांच्या बेचक्यात, बरोबर तव्यावर बसवलेला. आतली ॲडव्हान्सची, म्हणजे ठिणगीची वेळ वेगानुसार पुढे-मागे करणारी, यंत्रणा अडकते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. पुढचे दोन प्लग एसीच्या कॉम्प्रेसरखाली लपलेले, म्हणून आधीच्या मेकॅनिकने बदललेले नसतात. प्लग बारा मिळाले तर समजा नशीब. मला एकदा दहा नवे आणि दोन बहुधा कारखान्यातले मिळाले होते. ॲव्हरेज गॅलनला तेरा-चौदा मैल. हॅरो ते इनव्हर्नेस पेट्रोलपंप मोजत जायचं असेल तर घ्या.

मला वाटतं तुम्ही १९८३ ते १९८५ मधली ३.६ मॅन्युअल शोधावी. तिच्यात जग्वारचं नवं ॲल्युमिनियमचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि पाच गिअरचा गेट्राग गिअरबॉक्स आहे. सुरुवातीच्या ३.६ ला थोडा खरखरीतपणा आहे, लोक त्याला नावं ठेवतात. मला तो खटकत नाही, जुन्या सहा सिलिंडर जग्वारची आठवण त्यातूनच येते. पुढे लांब नाक, सहा सिलिंडर, हातात गिअर, मागे ७ वर्षांच्या मुलीपुरती जागा, आणि ६ फूट १ इंचाचा माणूस सीट मागे घेऊन बसू शकतो. फक्त कूपे घ्या. त्याच काळातली छत काढता येणारी एससी दोनच सीटची आहे. आणि मुलगी आणखी तीन-चार वर्षांनी मागे बसायला नकार देईल हे आत्ताच धरून चाला.

हॅरोमुळे वर्षाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२३ पासून प्रदूषण-शुल्काची हद्द सगळ्या लंडनभर आहे. निकषात न बसणारी गाडी दारातून बाहेर काढली की दिवसाला १२.५० पौंड. बनून चाळीस वर्षं झालेली गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदवली की हे शुल्क नाही, रोड टॅक्सही नाही, आणि मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणीसुद्धा सक्तीची नाही. पण ही नोंद आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. म्हणून लॉगबुकावरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, वर्ग वाचा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. आणि एमओटी माफ असली तरी दरवर्षी करून घ्या. तुमच्या मुलीच्या पाठीमागे चाळीस वर्षांचा पत्रा आहे. याच कारणाने नव्वदीतल्या, सुधारलेल्या आणि खरं तर जास्त चांगल्या एक्सजेएस तुम्हाला सांगत नाही. १९९६ नंतरची एक्सके८ तर त्याहून आरामशीर, पण गाडीच्या नंबरावर शुल्क तपासल्याशिवाय बघायलाही जाऊ नका. तिच्या सुरुवातीच्या व्ही८ इंजिनांच्या सिलिंडरचा लेप आणि टायमिंग चेनचे प्लास्टिकचे टेन्शनर ही वेगळीच कथा आहे. तुम्ही ब्रिस्टल किंवा बर्मिंगहॅमला असता तर हिशेब वेगळा, तिथले नियम वेगळे.

गंज तर जीटी६ पासून जग्वारपर्यंत कोणालाच चुकलेला नाही. एक्सजे-एसमध्ये तो कुठे बसतो ते सांगतो, कारण याच जागेने एका माणसाला रडवलेलं मी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी एकजण चमचमीत गडद लाल एक्सजे-एस घेऊन आला. लिलावात, फोटो पाहून, ९,००० पौंडांना घेतलेली. म्हणाला, ब्रेक लावला की मागून टक्कन आवाज येतो. रॅम्पवर चढवली. मागच्या चाकाला पुढून धरून ठेवणारा रेडियस आर्म जिथे बॉडीला बोल्टने बसतो, ती जागा काळ्या अंडरसीलने छान लिंपलेली. स्क्रूड्रायव्हरने नुसता टेकवला तर पोळीत बोट जावं तसा आत गेला. अंडरसील, त्याच्या आत पुट्टी, पुट्टीच्या आत वर्तमानपत्राचा बोळा. फुटबॉलचे निकाल वाचता येत होते. तिथून सिलचा, म्हणजे दाराखालच्या पट्टीचा, मागचा भाग, मागच्या चाकाची कमान, डिकीचा तळ असं उघडत गेलो. सगळीकडे वरून कीर्तन, आतून तमाशा. वेल्डिंग आणि रंग मिळून ७,००० च्या वर गेलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्या माणसाने गाडी ठेवली हे मात्र सांगायला हवं, आणि आजही वापरतो.

म्हणून २५,००० मधले सगळे गाडीत घालू नका. पंधरापर्यंतची गाडी बघा आणि उरलेले पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवा. ते लागतातच. चमकणाऱ्या गाडीपेक्षा मळकी पण बिलांची फाइल असलेली घ्या. फाइलीत दरवर्षी काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे. पाच वर्षं न चालवता जपलेली गाडी ऐकायला गोड असते. तिचे ब्रेक धरलेले, टाकीत गंज, नळ्या चिरलेल्या. नळ्यांवरून आठवलं: सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं आहे, जुन्या रबराला ते खातं. तुम्ही कमी इथेनॉलचं, महागडं ई५ भरा आणि नळ्या एकदाच सगळ्या बदलून टाका.

रस्त्यावर गाडी उभी करणं हा तुमच्या बेतातला सगळ्यात कच्चा दुवा. जुन्या गाड्यांच्या विम्यात ठरलेल्या किमतीची पॉलिसी घ्यायची असते, नाहीतर अपघातानंतर कंपनी तुम्हाला भंगाराचा भाव सांगते. बऱ्याच कंपन्या रात्री गॅरेज आहे का हे विचारतात. त्यामुळे गाडी शोधण्याआधी आसपास भाड्याचं लॉकअप, म्हणजे कुलूपबंद गॅरेज, शोधा. ते नाहीच मिळालं तर माझं उत्तर बदलतं: मग रिलायंट सिमिटार जीटीई घ्या. टॅमवर्थला बनायची, १९६८ पासून. फायबरग्लासची बॉडी, फोर्डचं ३ लिटर व्ही६, चार खऱ्या सीट, मागच्या सीट एकेक करून दुमडतात. राजकन्या ॲन यांनी एकामागून एक अशा कितीतरी वापरल्या. पावसात बॉडी कुजत नाही, पण तिच्या भरवशावर खालच्या चासीकडे (लोखंडी सांगाड्याकडे) कोणी बघत नाही, तेव्हा तुम्ही तीच बघा. बॉडी फायबरची म्हणजे अर्थिंगची बोंब. निम्मे विजेचे बिघाड एका तारेचे असतात. इंजिनातलं टायमिंगचं गिअर मूळचं फायबरचं, ते धातूचं बसवल्याचं बिल फाइलीत आहे का विचारा. दिसायला ती ई-टाइप नाही, आणि असल्याचं सोंगही करत नाही. पण तुमचं स्कॉटलंड ती सगळ्यांत सोप्यात करेल. मला विचाराल तर ही गाडी तिच्या लायकीपेक्षा अजून स्वस्त आहे.

पुण्याच्या एका मित्राने परवा फोनवर विचारलं, की २००८ पासून जग्वार टाटांची, मग तुला सुटे भाग घरच्या भावात मिळत असतील ना. त्याला सांगितलं, बिल मात्र पाहुण्याचंच येतं.

एक्सजे-एस बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या रात्री फोन करून सांगा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर का, ते विचारा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या आणि सिलवरून, मागच्या कमानीवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही. मग गालिचा उचलून रेडियस आर्मची जागा आतूनही बघा. मुलीला सोबत न्या, मागचा पट्टा लावून बसवा आणि वीस मैल फिरून या. ऑइलचं प्रेशर गरम इंजिनावर वाचायचं असतं, ते त्या वीस मैलांत होतं. मुलीच्या पायांचं काय ते तीच सांगेल.